पिवळी वाळू काळी झाली

१

योगेशने बाटली ताटात उपडी केली आणि ओसरीवर बसलेल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताटात पडली ती काळी वाळू.

ती पिवळी असायला हवी होती. कलाबाई आपल्या लेकाला, ललितला, भेटायला थेट टेनेरिफ नावाच्या बेटावर जाऊन आल्या होत्या. तिथल्या समुद्रकाठची सोनेरी वाळू त्यांनी एका काचेच्या बाटलीत भरून आणली होती. तेव्हापासून बाटली शोकेसमध्ये होती आणि आल्यागेल्या प्रत्येकाला ती बघावीच लागायची. नाशिकच्या मखमलाबाद रस्त्यावर ती वाळू न पाहिलेला माणूस शोधावा लागला असता. परवापर्यंत ती पिवळी होती, काल गणपतीच्या गडबडीत तिच्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि आज ऋषिपंचमीच्या सकाळी ती गावच्या नदीच्या, इथल्या गंगेच्या, वाळूसारखी काळी.

"वा!" योगेश हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "गेल्या आठवड्यात मी इथंच बसून सांगितलं, ते बेट ज्वालामुखीचं आहे, तिथली वाळू काळी असते. मी काळी म्हणालो आणि ती काळी झाली!"

"योगेश, बाबा, ऐकून तर घे," ललितचे वडील सावळीराम म्हणाले.

"काय ऐकू? आधी दाखवलेली वाळू खोटी होती म्हणून बदललीत ना? वाळूत खोटं, म्हणजे बेटातही खोटं. मग ललितच्या तिथल्या हॉटेलातल्या नोकरीचं काय खरं धरायचं?"

योगेश सटाण्याचा, कांद्याच्या आडतीवर कामाला. त्याची धाकटी बहीण रूपाली आणि ललित यांचा साखरपुडा झालेला. योगेश तसा वाईट नव्हे. पण थोरल्या बहिणीच्या वेळी नवरा दुबईत मॅनेजर आहे असं ऐकून त्याने डोळे मिटून हो म्हटलं होतं. ती बहीण आता माहेरी परत आली होती. दुधाने पोळलेल्या त्या माणसाने या वेळी सायबर कॅफेत बसून बेटाची माहिती काढली, आणि काळ्या वाळूचा फोटो पाहून त्याची झोप उडाली.

"दुपारी मावशीकडे जेवतो. चारला येतो," तो उठत म्हणाला. "तोवर खरं काय ते सांगा. नाहीतर साखरपुड्यात आम्ही ललितसाठी दिलेली अंगठी परत द्या. आणि रूपालीला यातलं काही माहीत नाही, तिच्या कानावर घालू नका."

तो गेला. कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी मग एकाच माणसाकडे पाहिलं, आणि तो माणूस ताटाकडे बघत होता. ताटाच्या कडेवरून मुंग्यांची रांग वाळूकडे निघाली होती.

२

तो माणूस म्हणजे भिकनकाका. हे स्थळ त्यांनीच आणलेलं, म्हणून मध्यस्थ या नात्याने आज हजर. उभा जन्म मनमाडला तिकीट तपासनीस म्हणून काढला. निवृत्त होऊन नाशिकला आले तरी सवय सुटली नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे आधी बघायचं, तिकिटाकडे मग. सावळीराम त्यांचा जुना दोस्त. हे लग्न मोडलं तर दोस्तीलाही तडा जाईल हे त्यांना कळत होतं.

"वाळूला मुंग्या कशाला येतील?" ते स्वतःशीच पुटपुटले. बोटाने त्यांनी वाळू विसकटली. आतून एक खडीसाखरेचा खडा निघाला. काकांनी तो रुमालात बांधला.

मग त्यांनी वाळू चिमटीत घेतली. बारीक, धुतलेली, चाळलेली. एक खडा नाही, शिंपल्याचा तुकडा नाही.

"वहिनी, रडणं थांबवा आणि मला सांगा," ते कलाबाईंना म्हणाले. "ही वाळू तुम्ही भरली कुठून?"

कलाबाईंना लेकाचा विषय निघाला की रडू आपोआप आटोपत असे. "अहो भाऊजी, काय सांगू! मोठं विमान, मग बारकं विमान. उतरले तर सगळीकडं काळा दगड. आपला रामशेज नाय का, तसले डोंगर. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन नाशिकच बघायचं का? तर ललित म्हणाला, आई, थांब. अन् गाडी वळली तर पिवळीधमक वाळू! डोंगराच्या पायाशी कुनी डाळीचं पीठ सांडावं तशी."

"लाटा होत्या मोठ्या?"

"लाटाच नव्हत्या. गंगापूरच्या धरणावाणी पानी शांत. आत दूरवर दगडांचा बांध घातलेला. मी लुगडं वर धरून पार गुडघ्यापातूर गेले. तिथल्या बाया माझ्या नऊवारीचे फोटो काढत व्हत्या." त्या हसल्या आणि लगेच पुन्हा डोळे भरून आले. "निघायच्या दिवशी ललित तिथं उभा व्हता बगा. तो उभा व्हता तिथलीच वाळू मी मुठीनं भरली. सगळ्यांना हेच सांगते मी. लेकाच्या पायाखालची हाय ती."

काकांनी मान हलवली. ही म्हातारी खोटं बोलत असेल तर मनमाडचा निम्मा जन्म फुकट गेला म्हणायचा. पण मग काळा डोंगर आणि पिवळी वाळू एका जागी कशी? आणि ती बाटलीतून गेली कुठे? गाठी दोन होत्या, आणि त्यातली एक सुटली तरी दुसरीवाचून लग्न वाचणार नव्हतं.

"सावळ्या," ते उठले, "चल, मळ्यात फिरून येऊ." सावळीराम मात्र दचकले. त्यांच्या चेहऱ्यावर विनातिकीट प्रवाशाची कळा काकांनी लांबूनही ओळखली असती.

३

झेंडूचा मळा गणपतीच्या बाजाराने ओरबाडून नेला होता. सावळीराम पुढे चालत होते आणि पंपाच्या खोलीपाशी आले की नेमके वाट वाकडी करत होते.

"खोलीत काय आहे?" काकांनी विचारलं.

"काय नाय. खताच्या गोण्या."

काकांनी सरळ दार उघडलं. गोण्यांच्या मागे, पोत्याखाली, एक पिशवी. पिशवीत काळी वाळू.

सावळीराम बांधावर बसले. "भिकन, तुझ्यापाशी काय लपवायचं. योगेश म्हणाला ना काळी पायजे, म्हणून मी गंगेवरनं घेऊन आलो. म्हटलं, बाटलीत भरून टाकू. पोराचं लग्न तर होईल. पण शोकेस उघडायचं धाडसच झालं नाय. कलाला काय सांगू? ती रोज पुसती ती बाटली. म्हणून इथंच ठेवली, आईशपथ."

तिकीट तपासनिसाला शपथा लागत नाहीत. काकांनी पिशवीत हात घातला. जाडीभरडी वाळू, गोटे, शिंपले, एक चपलेचा पट्टाही निघाला. बाटलीतली वाळू ती ही नव्हे.

"तू नाहीस रे," ते म्हणाले. "तुला चोरीही नीट जमत नाही." आणि दोस्ताच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. सावळीरामना हसू आणि हुंदका एकदम आला.

काका उभे होते तो तुकडा वेगळाच होता. मळ्याची बाकी जमीन तांबूस मुरमाड, आणि हा तुकडा काळाभोर. खालच्या अंगाला बुटक्या भिंतीसारखी दगडांची ताल रचलेली.

"हे काय, काळी जमीन निघाली इथं?"

"निघतीय कुठली! धरणातला गाळ टाकलाय ट्रॅक्टरनं. आपला नुसता मुरूम. गुलाबाला काळी माती लागती."

"आणि हे दगड?"

"बांध नको का? आणलेली माती हाय. बांध नाय घातला तर पाऊस झाला की सगळी ओढ्यात."

काका जागच्या जागी थांबले. काळ्या तुकड्याकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं आणि मग त्यांना इतकं हसू फुटलं की सावळीरामना वाटलं उन्हाचा त्रास झाला.

"एक गाठ सुटली," काका म्हणाले. "दुसरीही चारच्या आत सोडवायची. तुझी थोरली सून कुठं आहे?"

४

सुवर्णा स्वयंपाकघरात ऋषीच्या भाजीला फोडणीऐवजी अश्रूंचंच पाणी घालत होती. बाटलीच्या शेजारी सगळ्यांत जास्त वावर तिचाच, आणि ती वाळूही तिचीच असणार हे तिला सकाळीच कळून चुकलं होतं.

"काका, माझ्यावर संशय घ्या, पण आधी ऐका. हरतालिकेला गल्लीतल्या बायकांना पिंड करायला वाळू मीच देते. गंगेवरून आणते, चाळते, धुते, वाळवते. परात भरून बाहेरच्या खोलीत ठेवली होती. शोकेसच्या पुढ्यातच."

"त्या दिवशी घरात कोण होतं?"

"कुणीच नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी गणपती. आम्ही सगळे झेंडू तोडायला मळ्यात. सासूबाईंना उपास लागला होता, त्या आत झोपलेल्या. बायका येत होत्या, परातीतून वाळू घेत होत्या, जात होत्या. दार उघडंच."

"सगळ्या ओळखीच्या?"

"गल्लीतल्याच. आणि रूपाली येऊन गेली. ती इथं मावशीकडे राहून डी.एड. करते ना. तिलाही मीच बोलावलं होतं, पण ती म्हणाली, पूजा मावशीकडे मांडते, वाळू तेवढी नेते."

काकांनी रुमालाची गाठ सोडली. "ही खडीसाखर तुमच्या घरातली?"

"नाही. आमच्याकडे साधी साखर. का हो?"

"सुवर्णा, शेजारणीने तुला डबाभर लाडू दिले. डबा परत करताना तू काय करतेस?"

सुवर्णाला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "काय करणार? रिकामा डबा परत देतात का कुणी? काहीतरी घालून देते. काहीच नसलं तर साखर."

"चोर काय करतो?"

"चोर कशाला काय घालेल?"

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले आणि चपला घालून पंचवटीकडे, रूपालीच्या मावशीच्या घरी, निघाले. आता त्यांना कुणाला पकडायचं नव्हतं. पण बोलणारी बोलली नाही, तर संध्याकाळच्या बसला अंगठी सटाण्याला जाणार होती.

५

सिंधुबाई मावशी मूळच्या सटाण्याच्या. नाशिकला कितीही वर्षं काढली तरी बोलण्यातलं "आहे"ऐवजीचं अहिराणी "शे" काही गेलं नव्हतं. योगेश जेवून पलंगावर आडवा झाला होता. रूपाली पाठमोरी भांडी विसळत होती.

"या भाऊ, काय शे? एवढ्या उन्हाचं?" सिंधुबाईंनी पाणी दिलं.

"सहज आलो. हरतालिकेची पूजा चांगली झाली का?"

"झाली ना. पोरीनं रात्रभर जागरण केलं. अन् पिंड तर अशी सुरेख केली, की मी म्हटलं, हळद कालवली का काय वाळूत? सोन्यावाणी चमकत होती. काल सकाळी गंगेवर जाऊन सोडून आली."

आतली भांडी वाजायची थांबली.

रूपाली पदराला हात पुसत दारात आली. गोरीमोरी झाली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं. चेहरा आधी, तिकीट मग. तो चेहरा चोराचा नव्हता. उतरायचं स्टेशन मागे गेल्यावर माणूस जसा कावराबावरा होतो तसा होता.

"पोरी," ते हळू आवाजात म्हणाले, "चार वाजता तिकडे ये. मी सगळं सांगणार आहे, एक गोष्ट सोडून. ती तुझी आहे. सांगायची की नाही ते तू ठरव."

६

चारला ओसरी भरली. योगेश परत मागून घेतलेली अंगठीची डबी मांडीवर ठेवून बसला होता. त्याच्या मागे दाराला धरून रूपाली उभी होती. ती का आली हे त्याला कळेना, पण तिला मावशीच घेऊन आली होती.

"योगेश," काका म्हणाले, "तुझं अर्धं बरोबर आहे. ते बेट ज्वालामुखीचं, तिथली वाळू काळीच. पण हे वहिनींनीच सांगितलं होतं. काळा दगड, काळे डोंगर, आणि मधेच पिवळी वाळू. आपण सगळ्यांनी त्यांना रंग विचारला. बांधाचं कुणी विचारलं नाही."

"कसला बांध?"

"समुद्रात दगडांचा बांध, लाट आत येऊ नये म्हणून. आता सावळ्याच्या मळ्यात जा. मुरमावर काळी माती आहे आणि खाली ताल रचलेली. का? तर माती तिथली नाही, आणलेली आहे. जिथली तिथं असते तिला बांध लागत नाही. जी आणून टाकली ती वाहून जाते, म्हणून तिला बांध घालावा लागतो. तो किनारा माणसांनी केलेला आहे. वाळू दुसरीकडून आणून टाकलेली."

"हा तुमचा तर्क झाला."

"म्हणून तूच ललितला फोन लाव. मी तोंड उघडत नाही. एवढंच विचार, डोंगर काळा तर वाळू पिवळी कशी?"

योगेशने मोबाइल काढला, आवाज मोठा केला. पलीकडे भांड्यांचा खणखणाट आणि मग ललितचा आवाज. प्रश्न ऐकून तो हसायलाच लागला.

"अहो दादा, ती इथली नाहीच! समोर आफ्रिका आहे ना, तिथल्या वाळवंटातून जहाजं भरभरून आणली. मी जन्मायच्या आधी. खरी इथली वाळू काळीच, दुसऱ्या किनाऱ्यावर बघायला मिळते. पुढं दगड टाकलेत, नाहीतर समुद्र घेऊन जाईल सगळी. का हो, काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे," योगेश म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "सगळं बरं आहे. नंतर बोलतो."

कलाबाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नसावं. पण योगेश अजून ताटातल्या काळ्या वाळूकडे बघत होता. "मग ही? खरीच होती तर बदलली कुणी? आणि का?"

"ज्याने घेतली त्याने लपवायला घेतली नाही," काका म्हणाले. "गंगेवरची नुसती वाळू जाडी, ही चाळलेली, म्हणजे हरतालिकेच्या परातीतली. आणि आत हा साखरेचा खडा. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, ही आपल्या घरांची रीत. घेणाऱ्याने जेवढं घेतलं तेवढं भरून ठेवलं, आणि वर तोंड गोड केलं. एवढंच मला कळलं. कुणी, ते मला सांगायचं नाही."

 मग दारातून आवाज आला. बारीक, पण न थरथरणारा.

"मी घेतली, दादा."

योगेश गर्रकन वळला. "तू? कशाला?"

"पिंड करायला." रूपालीने मान खाली घातली. "आई नेहमी सांगतात, त्यांच्या पायाखालची आहे म्हणून. हरतालिका कुणासाठी करतात? मला वाटलं, ते इतके लांब, निदान तिथल्या वाळूची पिंड करावी. आईंना विचारायला आले तर त्या झोपलेल्या. आणि विचारणार तरी कसं? लाज वाटली. बाटली रिकामी ठेवायची नव्हती, म्हणून परातीतली माझ्या वाट्याची वाळू आणि पूजेची खडीसाखर घातली. नंतर सांगणार होते. आज मावशीकडे तू बाहेर फोनवर वाळूबद्दल बोलत होतास ते कानावर पडलं, आणि तेव्हा मला कळलं मी काय करून बसले."

"मग ती परत का नाही भरलीस? गंगेत कशाला सोडलीस?"

"पिंड केल्यावर ती वाळू राहते का, दादा? देवाला बाटलीत कसं भरणार?"

 योगेशने सायबर कॅफेत बसून बेट तपासलं होतं, आणि त्याच्या बहिणीने त्याच बेटाला पाणी-फूल वाहून रात्र जागवली होती. तिने काहीच तपासलं नव्हतं. तो उठला, डबी पुन्हा सावळीरामच्या हातात ठेवली. "काका, माफ करा. एकीच्या वेळी विचारलं नाही, म्हणून दुसरीच्या वेळी जास्त विचारलं."

"अरे, भाऊ हाय तू," सावळीराम म्हणाले. "तू नाय विचारणार तर कोण?"

कलाबाई एव्हाना रूपालीपाशी पोचल्या होत्या. तिचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला. सगळ्यांना वाटलं, पिवळी वाळू गेली म्हणून आता रागावतील. त्यांनी ताट पुढे ओढलं आणि काळी वाळू कणकण गोळा करून बाटलीत परत भरायला सुरुवात केली.

"ही आता हितं नाय ठेवायची," त्या म्हणाल्या. "ही तू जाशील तेव्हा घेऊन जा."

७

लग्न माघात झालं. पुढच्या भाद्रपदात सावळीरामच्या घरी बेटावरून एक फोटो आला, आणि कलाबाईंनी तो पहिल्यांदा भिकनकाकांना दाखवायला नेला.

मागे काळे डोंगर, पुढे शांत पाणी, दूरवर दगडांचा बांध. मधे पिवळीधमक वाळू पसरलेली, आणि तिच्यावर रूपालीने मांडलेली हरतालिकेची पिंड. नाशिकच्या गंगेच्या वाळूची, काळीभोर. शेजारी रिकामी बाटली, आणि बाटलीच्या पलीकडे ललितची पावलं.

काकांनी चष्मा लावून फोटो लांब धरला, जवळ धरला.

"काय बघता एवढं?" कलाबाईंनी विचारलं.

"बाटली," काका म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "बघा ना वहिनी, तळाशी काहीतरी पांढरं चमकतंय."

कलाबाईंनी फोटो डोळ्यांपाशी नेला आणि हसल्या. बाटलीच्या तळाशी खडीसाखरेचा एक खडा होता.